सोळाव्या क्रूझचं काय करायचं?

वाचक मैत्रिणीचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही दोघं, मी ६३ आणि हे ६६. आत्तापर्यंत १५ क्रूझ झाल्या, त्यातल्या १३ एकाच कंपनीच्या, त्यामुळे त्यांचं सभासदत्वाचं कार्ड बऱ्यापैकी वरचं आहे आणि ह्यांचा सगळा जीव त्या पॉइंट्समध्ये अडकलाय. सोळाव्यासाठी तीन पर्याय काढलेत. पहिला, आमच्याच कंपनीचं नवंकोरं महाकाय जहाज, ७ रात्री, पश्चिम भूमध्य, यादीत रोम, फ्लॉरेन्स, प्रोव्हान्स. दुसरा, आमच्याच कंपनीचं जुनं मध्यम जहाज, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत, ७ रात्री अलास्का. तिसरा, दुसऱ्या कंपनीचं ‘छोटं’ जहाज, १० रात्री, व्हेनिस ते अथेन्स, सगळी रेस्टॉरंट भाड्यातच. ह्यांना अर्थात पहिला हवाय. मला बुफेचा कंटाळा आलाय, मी शाकाहारी आहे, मला सहाला भूक लागते आणि ह्यांना साडेआठला, वेगळे पैसे भरून जेवायच्या स्पेशालिटी रेस्टॉरंटचं पॅकेज दर वेळी घेतो आणि निम्मं वाया जातं. गुडघा कुरकुरतो. आणि गंमत सांगू का, मागच्या क्रूझमधलं एकही शहर मला नीट आठवत नाही, आठवतो तो सकाळी सहाला डेकवर चहाचा कप हातात घेऊन पाहिलेला किनारा. काय करावं?

उत्तर:

अहो, पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःच उत्तर लिहून टाकलंय, पण ते ह्यांच्या गळी उतरवायचं तर हिशोब हवा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंधरा क्रूझ झालेल्या माणसाला ‘बाल्कनी घ्या’, ‘आदल्या दिवशी पोचा’ असलं काय सांगायचं, ते तुम्ही मला शिकवाल. पण एक गोष्ट मी सारखी बघते, की जुनी मुरलेली माणसंसुद्धा क्रूझ निवडताना नकाशा बघतात, घड्याळ बघत नाहीत. नकाशावर लाल रेघ असते, ठिपके असतात, ठिपक्यांची नावं भारी असतात. पण तुम्हाला प्रत्यक्षात मिळतात ते तास. कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचणार, किती वाजता निघणार, तेव्हा उजेड असेल का, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही टेबलावर सूपची वाट बघत बसलेले असणार का. तुमचे तिन्ही पर्याय असे घड्याळावर ठेवून बघू.

पहिला. यादीत ‘रोम’ लिहिलंय, पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ लिहिलंय, जहाज लागतं लिव्होर्नोला, तिथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटरच्या आसपास. आता धरा की लिव्होर्नोला सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार आहे. दहा तास ऐकायला भरपूर वाटतात. उतरून बसमध्ये बसेपर्यंत पाऊण तास, जायला दीड, यायला दीड, जहाज सुटायच्या अर्धा-एक तास आधी आत पाहिजेच आणि रस्त्यात ट्रॅफिकसाठी थोडा वेळ हाताशी ठेवायचा, म्हणजे हातात उरले साडेचार-पाच तास, त्यात एक तास जेवण आणि एक तास कुठल्यातरी रांगेत. गुडघा दुखत असताना दगडी रस्त्यांवरून. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मग दोन महिन्यांनी एकही शहर आठवत नाही यात नवल ते काय! दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही हो, तासांचा आहे.

आता महाकाय जहाजाबद्दल. लोक सरसकट म्हणतात मोठं जहाज म्हणजे गर्दी, ते अर्धंच खरं आहे. जहाजाचे जे ‘ग्रॉस टन’ सांगतात ते वजन नव्हे, आतल्या जागेचं माप असतं, आणि त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा किती याचा अंदाज येतो. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज घ्या, २,४८,६६३ टन आणि केबिनमागे दोन माणसं धरली तर साधारण ५,६०० प्रवासी, म्हणजे माणशी ४४ च्या आसपास. क्वीन मेरी २ ला हाच आकडा ५५ च्या जवळ जातो, वायकिंग कंपनीच्या ९३० प्रवाशांच्या समुद्री जहाजांना ५१ वगैरे. म्हणजे आयकॉनवरही माणसं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. पण मेख पुढेच आहे, सोफ्यावर आणि वरच्या पलंगावर झोपणारी पोरं धरली की त्याच जहाजावर ७,६०० माणसं मावतात, आणि शाळांना सुट्टी असली की हा दुसरा आकडा खरा मानायचा. शिवाय जागा सरासरीने वाटली जात नाही. दिवसभर डेक मोकळा असला तरी सकाळी ९ ला बुफे, पोर्टला पोचल्यावर उतरायची शिडी आणि शो सुटल्यावर लिफ्ट, या तीन जागी सगळं जहाज एकाच वेळी येतं. असं जहाज हेच ज्यांचं ठिकाण आहे, नातवंडं घेऊन जायचंय, घसरगुंड्या आणि आइस शो बघायचाय, त्यांनी जरूर जावं, मी नाक मुरडणाऱ्यातली नाही. पण मग भूमध्यात कशाला? जिथे सी डे, म्हणजे दिवसभर समुद्रातच असायचे दिवस, जास्त आहेत अशा रूटवर जा ना, म्हणजे ज्याचे पैसे भरले ते वापरलं तरी जाईल. रोज सकाळी ७ ला उतरून संध्याकाळी ६ ला दमून चढायचं तर त्या जहाजावरचा अर्धा पसारा तुम्ही लांबूनच बघणार.

तिसरा पर्याय ह्या बाबतीत जरा बरा, पण ‘व्हेनिस’ शब्दावर बोट ठेवून विचारा की नक्की कुठे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांच्या वरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून, जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे जाहिरातीत व्हेनिस असलं तरी जहाज व्हेनिसजवळच्या मार्गेराच्या औद्योगिक बंदरात असू शकतं, त्रिएस्तेला असू शकतं, नाहीतर थेट रावेन्नाला, जे व्हेनिसपासून रस्त्याने १४०-१५० किलोमीटर आहे. आणि तुमचं ‘छोटं’ जहाज हे तुमच्या नेहमीच्या जहाजाच्या मानाने छोटं, ते ३० हजार टनांचं असलं तरी त्या बंदीत येतंच. एजंटला टर्मिनलचं नाव विचारा, शहराचं नको.

त्या रूटवर माझी आवडती गोष्ट म्हणजे मॉन्टेनिग्रोमधला कोटोरचा उपसागर, पहाटे जहाज आत शिरतं, दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ येतात की घरांच्या खिडक्यांतले पडदे दिसतात, आणि ते सगळं बसल्या जागी. पण याच यादीत बहुतेक वेळा सँटोरिनी हे ग्रीक बेटही असतं, आणि तिथे माझ्या डोळ्यांसमोर तुमचा गुडघा येतो. तिथलं पाणी इतकं खोल की जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर बोटीतून खालच्या जुन्या बंदरात उतरायचं, आणि वर गावात जायला एकतर केबल कार, नाहीतर सहाशेच्या जवळ पायऱ्या. मी गेले होते तेव्हा एका वेळी तीन-चार जहाजं उभी होती. वर जाताना काही वाटलं नाही. परत खाली येताना केबल कारची रांग गल्लीतून वळून मागच्या दुकानापर्यंत गेलेली, ऊन डोक्यावर, माझ्यापुढची एक आजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायची आणि तिचा नवरा दर दोन मिनिटांनी तिला सांगायचा की बघू नकोस. मी सँटोरिनीला काय पाहिलं असं विचारलं तर मला त्या बाईंचं घड्याळ आठवतं, पांढऱ्या पट्ट्याचं. २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीय, तेव्हा थोडं सुसह्य झालं असेल, पण टेंडर बोटीत चढणं-उतरणं काही चुकत नाही. म्हणून कुठलीही इटिनररी, म्हणजे पोर्टांची यादी, घ्या, प्रत्येक पोर्टपुढे ‘धक्का की टेंडर’ हे लिहून काढा, आणि त्या दिवशी तिथे आणखी किती जहाजं येणार आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात आधीच छापलेलं असतं, तेही बघा. दुबईपासून अलास्कापर्यंत कुठेही, एका जहाजाच्या दिवशीचं गाव आणि पाच जहाजांच्या दिवशीचं गाव ही दोन वेगवेगळी गावं असतात.

आता दुसरा पर्याय, अलास्का. माझा कौल इथेच आहे, पण तुम्ही काढलीत ती बोट नाही.

सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येणारी जहाजं बहुतेक करून व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. म्हणजे पहिला अख्खा दिवस किनारा दिसणार नाही आणि डुलणं मात्र होणार. (जहाजाचे स्टॅबिलायझर आडवं डुलणं कमी करतात, पण पुढून-मागून उचलल्यासारखं जे होतं त्याला त्यांचा उपयोग नाही, म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर.) शिवाय अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, ज्याच्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये परदेशातलं एक तरी बंदर घ्यावं लागतं. म्हणून त्या यादीत शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं, आणि त्याची वेळ बघा, बऱ्याचदा संध्याकाळी पोचून रात्री उशिरा निघायचं. ते पोर्ट तुमच्यासाठी नाही, कायद्यासाठी आहे. चार पोर्ट म्हणून मोजलंत तरी खरे तीनच.

त्याऐवजी व्हँकुव्हरहून निघणारी बोट घ्या. ती बेट आणि मुख्य भूमीच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने जाते, दोन्हीकडे झाडी, धबधबे, मधूनच एखादं दीपगृह, आणि पाणी शांत. त्या वाटेत सेमूर नॅरोज नावाची एक खिंड आहे, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरात असतो की जहाजंसुद्धा पाणी थांबायची वेळ बघूनच जातात, आणि पूर्वी तर पाण्याखाली एक मोठा खडक होता, तो १९५८ मध्ये सुरुंग लावून उडवला, त्या काळातल्या अणुबॉम्ब सोडून झालेल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक होता तो. हे ह्यांना सांगा, त्यांना आवडेल. एकतर्फी घेतलीत, म्हणजे व्हँकुव्हर ते अलास्कातलं सुअर्ड किंवा व्हिटियर, तर तेच पाणी परत कापावं लागत नाही आणि ७ रात्री खऱ्या ७ रात्री होतात. तोटा एवढाच की शेवटी बस किंवा ट्रेनने अँकोरेजला जाऊन तिथून विमान धरावं लागतं, आणि कॅनडा व अमेरिका दोन्हींची कागदपत्रं लागतात, पण ती तशी सिअ‍ॅटलवाल्या बोटीलाही लागतातच.

आणि यादीत ग्लेशियर बे आहे का बघा. त्या नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते, त्यामुळे सगळ्या कंपन्यांना, सगळ्या तारखांना ते मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्या हबर्ड ग्लेशियर किंवा एंडिकॉट आर्म नावाची चिंचोळी खाडी दाखवतात, हबर्ड काही कमी नाही, पण ग्लेशियर बेमध्ये जहाज जवळजवळ पूर्ण दिवस आत असतं, पार्कचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात, आणि उतरायचं कुठेच नाही. उतरायचं कुठेच नाही! रांग नाही, बस नाही, टेंडर नाही, गुडघा नाही. तुम्ही, रेलिंग आणि चहा. जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनोला साधारण १८ तास उजेड असतो, तेव्हा सहाचा चहा आठला संपला तरी चालेल.

आता जेवण, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. इथेही मेन्यूआधी घड्याळ.

मुख्य डायनिंग रूमची ठरलेली पाळी घेतलीत तर पहिली साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला, म्हणजे तुमचं भांडण कंपनीने आधीच छापून ठेवलंय. २००० साली नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने कधीही या, कुठेही बसा अशी पद्धत आणली आणि हळूहळू बहुतेकांनी ती कुठल्या ना कुठल्या रूपात उचलली, त्यामुळे पर्याय आहे. पण मला विचाराल तर ठरलेल्या टेबलाची एक मजा असते जी मोकळ्या पद्धतीत मिळत नाही. एका क्रूझवर पहिल्या रात्री मी जेवणानंतर गरम पाणी आणि लिंबाची फोड मागितली होती, एकदाच, सहज. तिसऱ्या रात्री मी खुर्ची ओढून बसायच्या आत कप तिथे होता, बशीत फोड, आणि वेटर दुसऱ्याच टेबलाशी बोलत पाठमोरा उभा. शेवटपर्यंत त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि एकाही रात्री चुकला नाही. मोकळ्या पद्धतीत रोज नवीन वेटर, रोज नव्याने सांगा की मासे चालत नाहीत, अंडं चालतं का नाही, सूपमध्ये काय आहे.

शाकाहारी असाल तर हे सांगणं एकदाच आणि लवकर झालं पाहिजे. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, कारण जहाजाचं बरंचसं सामान निघायच्या बंदरात भरून घेतात, समुद्रात गेल्यावर शेफच्या हातात जे आहे ते आहे. मग पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटून सांगा की उद्याचा मेन्यू मला आज दाखवा, मी आज ऑर्डर देते. हे बहुतेक जहाजांवर आनंदाने करतात, आणि फरक जमीन-अस्मानाचा पडतो. त्यांच्या स्वयंपाकघरात एका पाळीला हजार-दीड हजार ताटं निघतात, त्या धबडग्यात तुम्ही ऐनवेळी ‘याच्यातलं मांस काढून द्या’ म्हणालात की तुम्हाला मिळतात उकडलेल्या भाज्या. आदल्या दिवशी सांगितलंत तर कोणीतरी तुमच्यासाठी वेगळी कढई चढवतो. एवढंच आहे ते.

पॅकेज वाया का जातं? कारण तुम्ही ते घरी बसून, सात मोकळ्या रात्री डोळ्यांसमोर धरून घेता. सात रात्रीतली पहिली रात्र दमलेली, दोन रात्री पोर्टहून उशिरा आलेल्या, एक रात्र डायनिंग रूममध्ये तुमच्या आवडीचं काहीतरी, शेवटची रात्र बॅगा भरण्यात. उरल्या दोन. मग पाच जेवणांचं पॅकेज कशाला? आणि शाकाहारी माणसाने स्टेकहाउसमध्ये पैसे भरून बटाटा आणि पालक खायचा हा प्रकार मला कधी कळलाच नाही. इटालियन किंवा आशियाई एखादं निवडा, एकच जेवण बुक करा, बरं वाटलं तर जहाजावर आणखी घ्या. पहिल्या दिवशी दुपारी बऱ्याचदा सवलत मिळते, आणि सी डेला दुपारच्या जेवणाला उघडं असेल तर तेव्हा जा, जागा मिळते, घाई नसते. वर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो हे धरून हिशोब करा, बऱ्याच कंपन्या लावतात आणि बिल आलं की आपण उगाच त्या पोरावर चिडतो.

तुमच्या सहा आणि साडेआठचं काय? अहो, रोज रात्री एकत्र जेवलंच पाहिजे असा नियम कोणी केलाय? एकत्र जेवायचं ते दुपारी जेवा. सी डेला बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम दुपारी उघडी असते हे पंधरा क्रूझ केलेल्या कित्येकांना माहीत नसतं, सगळे सवयीने वर बुफेला पळतात, आणि खाली पांढऱ्या चादरींची टेबलं रिकामी, खिडकीतून समुद्र, आणि गरम गरम वाढलेलं. संध्याकाळी तुम्ही सहाला थोडं खा, ते साडेआठला पूर्ण जेवू देत, तुम्ही तेव्हा गोड खायला येऊन बसा. आणि अलास्कात तर पहिली पाळीच घ्या म्हणेन, जूनमध्ये जेवून आठला बाहेर आलात तरी पुढे दोन तास उजेड असतो. उलट भूमध्यात जहाज सहाला बंदर सोडतं आणि नेमकं तेव्हाच तुम्ही आत ब्रेडची टोपली पुढे सरकवत असता, बंदरातून बाहेर पडणं हा दिवसातला सगळ्यात सुंदर अर्धा तास, तो गेला. म्हणून म्हणते, निघायच्या वेळा आणि जेवायच्या वेळा शेजारी शेजारी लिहा.

बुफेचा कंटाळा आला तर बुफेला जाऊ नका, एवढं सोपं आहे, पण गेलातच तर अंडी, पास्ता असं जिथे समोर करून देतात तिथे उभ्या राहा, आणि आत जाताना हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर नको, कारण जहाजांवर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस असतो त्याला सॅनिटायझर फारसं जुमानत नाही.

केबिनबद्दल एकच. मी एकदा फार हुशारीने वरच्या मजल्यावरची बाल्कनी घेतली, नकाशावर डोक्यावर काय आहे ते बघितलंच नाही. होता पूल डेक. पहाटे साडेपाचला आरामखुर्च्या ओढून रांगेत लावायला सुरुवात व्हायची, रोज, आणि रात्री त्याच परत ओढून धुवायच्या. तेव्हापासून मी वर केबिन, खाली केबिन असलेलाच मजला घेते, आणि जहाजाला पायी पूर्ण चक्कर मारता येईल असा मोकळा डेक आहे का ते बघते. जुन्या मध्यम जहाजांवर तो बऱ्याचदा असतो, नव्यांवर कमी. चहावाल्यांना हा डेक बाल्कनीपेक्षा महत्त्वाचा.

राहता राहिले ह्यांचे पॉइंट्स. त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण एका कागदावर लिहायला सांगा की मागच्या क्रूझमध्ये कार्डामुळे खरोखर काय काय वापरलं. लवकर चढायची रांग, थोडं इंटरनेट, संध्याकाळची दोन ड्रिंक्स, चॉकलेट. ते घ्यायला दुकानासारखे पैसे पडले असते तर किती, आणि त्यासाठी आपण न आवडणारा रूट घेतोय का? शिवाय नियम कंपनीच्या हातात असतात, कार्निव्हल कंपनीने २०२५ मध्ये जाहीरच केलं की २०२६ पासून पॉइंट्स रात्रींवर नाही तर खर्चावर मिळणार, आणि वर्षानुवर्षं रात्री मोजत बसलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. उलट काही ठिकाणी दर्जा बरोबर नेता येतो, रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच समूहातल्या कंपन्या एकमेकींची लेव्हल जुळवून देतात. तुमच्या कंपनीच्या बहिणी कोण आहेत ते बघा. आणि मुळात तुमच्याच कंपनीची व्हँकुव्हरहून जाणारी बोट असेल तर वादच मिटला, ह्यांना पॉइंट्स, तुम्हाला किनारा.

मे किंवा जूनची सुरुवात बघा, अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधी जहाजावर आणि गावात दोन्हीकडे जरा मोकळं असतं, फक्त मेच्या सुरुवातीला बर्फाच्या तुकड्यांमुळे एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद जागी जहाजाला कधी कधी आतपर्यंत जाता येत नाही. हॉलंड अमेरिका कंपनीच्या बोटींवर ग्लेशियर बेच्या दिवशी डेकवर वाटाण्याचं घट्ट सूप वाटतात, त्यांची जुनी पद्धत आहे, पण आधी विचारा, त्यात हॅम असू शकतं. उत्तरेकडे जाताना केबिन उजव्या बाजूची, म्हणजे स्टारबोर्डची मिळाली तर किनारा त्या बाजूला जास्त दिसतो. नाही मिळाली तर ह्यांच्याशी भांडू नका, ग्लेशियरसमोर जहाज जागच्या जागी हळूहळू पूर्ण फिरतं, दोन्ही बाजूंना सगळं दिसतं, आणि तुम्ही तशाही केबिनमध्ये नसणारच, कप घेऊन वर असणार.